एरंडेलाचा धूर

अण्णा, तुम्हाला जाऊन अठरा दिवस झाले. वर्तमानपत्रात द्यायला चार ओळी लिहून द्या, असं तुमच्या घरच्यांनी मला सांगितलं, कारण येणाऱ्या-जाणाऱ्यांत शिक्षक मी एकटीच. मी लिहून दिल्या. यंत्रमागाच्या कारखान्यात उभी हयात जॉबर म्हणून काढली, बिघडलेला माग तुमचा हात लागला की चालू व्हायचा, हे आलं. मनमिळाऊ स्वभाव आला. तो सगळ्यांच्याच बाबतीत येतो, तुम्ही काही तितके मनमिळाऊ नव्हता. तुम्ही विमानं उडवायचात हेही मी लिहिलं होतं, ते मात्र ललिताक्कांनी खोडायला लावलं. "ते नको मॅडम. म्हातारा माणूस खेळण्याशी खेळत होता म्हणतील लोकं." तुमच्या बायकोपुढे तुमचंसुद्धा कधी चाललं नाही, माझं काय चालणार? म्हणून ते इथे लिहिते, तुम्हालाच.

तुम्ही मला पहिल्यांदा दिसलात ते आमच्या ज्युनिअर कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेच्या दारात. प्रॅक्टिकल संपून वर्ग गेलेला, मी काचेच्या नळ्या धुऊन उलट्या लावत होते. पांढरा शर्ट, बाहीला चिकटलेले सुताचे तंतू आणि हातात टॉवेलात गुंडाळलेली बाटली. शिपायाने पालक समजून तुम्हाला आत सोडलं होतं.

"मॅडम, हे फाटलंय," तुम्ही म्हणालात.

"काय फाटलंय?"

"तेल. दूध फाटतंय की, तसं."

बाटलीत वर गढूळ पाणी दिसत होतं आणि तळाशी पिवळट, घट्ट थर. काय आहे विचारलं तर म्हणालात, चार भाग मेथॅनॉल आणि एक भाग एरंडेल. कशासाठी विचारलं तर म्हणालात, विमानासाठी. मला वाटलं माझी चेष्टा चाललीय. मग तुम्ही खिशातून एक इंजिन काढून टेबलावर ठेवलं. लिंबाएवढं, पण सगळं जिथल्या तिथे. सिलिंडर, त्यावर बारीक पात्यांची जाळी, आतला दट्ट्या बोटाने फिरवला की वर-खाली होणारा. मी हातात घेतलं आणि पंधरा मिनिटं खाली ठेवलं नाही.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर सोपं होतं. मेथॅनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. कोरड्या मेथॅनॉलमध्ये एरंडेल छान विरघळतं, पाणी शिरलं की ते अंग काढून घेतं आणि खाली बसतं. "कॅन कुठे ठेवता?" मी विचारलं. तुम्ही म्हणालात, कारखान्यात, मागाच्या पलीकडं. तिथे सूत तुटू नये म्हणून दिवसातून चार वेळा जमिनीवर पाणी मारतात, हेही तुम्हीच सांगितलंत, आणि सांगता सांगता थांबलात. "म्हंजे जे सुताला लागतंय ते तेलाला चालत न्हाय." इतक्या पटकन कळणारा विद्यार्थी मला त्या वर्षी भेटला नव्हता.

जाता जाता मी सहज विचारलं, मोठ्या कॅनमधून बाटलीत कसं काढता? तुम्ही नळी तोंडाने ओढून दाखवल्यासारखं केलंत. मी अशी ओरडले की शिपाई धावत आला. मेथॅनॉलने माणूस आंधळा होतो, मरतो, हे तुम्हाला माहीत नव्हतं असं नाही. "इतकी वर्षं ओढतोय, काय झालं न्हाय," असं तुम्ही म्हणालात, जणू न होण्याची हमी कुणी दिली होती. मी कपाटातली रबरी फुग्याची नळी काढून तुमच्या हातात दिली आणि पुन्हा तोंड लावणार नाही असं वदवून घेतलं. तुम्ही मान डोलावलीत आणि म्हणालात, "रविवारी माळावर या की. बगा तरी कशासाठी ओढतोय ते."

मी आले. वैरागच्या रस्त्याला शहर मागे पडल्यावर डावीकडे आत तो माळ. मुरमाड जमीन, मधे तुम्ही दगड वेचून केलेली पट्टी, कडेला एक बाभूळ. विमान तुम्ही स्वतः केलेलं. हलक्या लाकडाचा सांगाडा, पंखांवर मागावरचंच झिरझिरीत कापड ताणून त्यावर पिवळा रंग. दोन हातांत जेमतेम मावेल इतकं. काठीने पंखा फिरवलात, इंजिन दोनदा खोकलं आणि पेटलं. मी कानांवर हात घेतले. मग तुम्ही वाकून त्या छोट्या सुईला एवढंसं फिरवलंत. आवाज खालच्या सुरातून वर चढला, मागे पांढऱ्या धुराची रेघ उमटली आणि तो वास आला.

त्या वासाबद्दल मला नंतर लिहायचं आहे.

तुम्ही मला उडवायला शिकवलंत, पण त्याआधी सहा महिने फक्त इंधन शिकवलंत. मी रसायनशास्त्र शिकवणारी बाई, आणि मला मेथॅनॉल म्हणजे काय हे एका जॉबरने शिकवलं असं म्हटलं तर स्टाफरूममध्ये हसतील, पण तसंच आहे. सुई म्हणजे इंजिनात किती इंधन जायचं ते ठरवणारा पेच. सैल सोडली तर इंजिन पोट भरल्यासारखं घुमतं, धूर दाट येतो. आवळली तर आवाज चढत जातो, धूर विरळ होतो. आणखी आवळली तर इंजिन तापून जागच्या जागी बसतं. मेथॅनॉल जळतं आणि तेल न जळता इंजिनाला सांभाळत बाहेर पडतं. म्हणून तेल कोणतं, हाच खरा प्रश्न.

तुमची सुरुवातीची कहाणी तुम्ही किती वेळा सांगितली असेल. वैरागच्या बाजारातून घाण्याचं एरंडेल आणलंत, तसंच मिसळलंत, आणि दोन रविवारांत इंजिनाचा दट्ट्या चिकटून बसला. "मानसाला मोकळं करतंय म्हणून लौकिक त्याचा. माझ्या इंजिनाला मात्र असं गच्च बांधलं, की लाकडी हातोडीनं सोडवावं लागलं." तेव्हापासून चिकटा काढलेलं शुद्ध एरंडेलच. जाफरभाई, मोटारींचं वायरिंग करणारा, माळावर विमान उडवायला येणारा आपल्यातला तिसरा, एकदा नायट्रो, म्हणजे नायट्रोमिथेन घातलेल्या तयार इंधनाचा कॅन घेऊन आला आणि इंजिनाला कशी ताकद येते ते सांगू लागला. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "वरातीतल्या बँडवाल्याला पाजल्यावर कसा वाजवतोय? आवाज वाढतोय, सूर जातोय." सोलापूरच्या उन्हाला नायट्रो लागत नाही, हे तुमचं ठाम मत. डिसेंबरच्या सकाळी मात्र इंजिन पेटायला कुरकुर करायचं, तेव्हा कुणाला न सांगता थोडं घालायचात. मी बघत होते.

आपलं भांडण नायट्रोवरून कधी झालं नाही. झालं ते एरंडेलावरून.

मी स्वतःचं इंजिन घेतलं, वर्षभर तुमच्याच मिश्रणावर चालवलं आणि मग एक दिवस उघडलं. आत सगळीकडे तपकिरी लुकण बसलेलं. एरंडेल तापलं की असं रोगणासारखं धरतं. मी ते उकळून, घासून काढलं, दोन दिवस गेले. मग वाचायला लागले. सिंथेटिक तेल मिळतं, कमी लागतं, इंजिन आतून लख्ख राहतं, धूर जवळजवळ नाही. मी मागवलं, माझ्या इंजिनात घातलं आणि सुंदर चाललं. तुम्हाला सांगायला आले तर तुम्ही झटक्यात नाही म्हणालात.

"का नाही?"

"धूर न्हाय त्याला."

"अण्णा, धूर नसणं हा गुण आहे."

"तुमच्या पुस्तकात आसंल."

सात-आठ महिने हे चाललं. मी कागदावर तक्ते करून आणायची, तुम्ही ते नीट घडी करून खिशात ठेवायचात आणि एरंडेल ओतायचात. एकदा मी जाफरभाईसमोर तुम्हाला आडमुठे म्हटलं. तुम्ही काही बोलला नाहीत. मला वाटलं, लागलं तर लागू दे. आता कळतं, तेव्हा मी तुमच्या पाठीमागे उभी होते. तो शब्द तुमच्यापर्यंत पोचलाच नसावा.

आणि मग मी ते केलं. आपलं दोघांचं इंधन मीच मोजून मिसळत होते, कारण माझ्याकडे मोजपात्रं होती आणि तुमचा माझ्या हातावर विश्वास होता. त्या रविवारी मी तुमच्या बाटलीत सिंथेटिक तेलाचं मिश्रण भरून आणलं. रंग वेगळा दिसू नये म्हणून थोडा रंगसुद्धा घातला. माझ्या मनात पाप नव्हतं, हे खरं. शास्त्रात असं करतात, ज्याच्यावर प्रयोग करायचा त्याला सांगत नाहीत, म्हणजे त्याच्या मनाचा कौल मधे येत नाही. तुमचं विमान उडेल, तुम्ही म्हणाल आज छान चाललं, आणि मग मी सांगेन. वाक्यसुद्धा ठरवून ठेवलं होतं.

तुम्ही इंजिन पेटवलंत, वाकलात आणि मागचा धूर बघू लागलात. धूर विरळ. तुम्ही सुई सैल केलीत. तरी विरळ. आणखी सैल केलीत. इंजिन आता घुमायला लागलं होतं, घशात पाणी गेल्यासारखं. मला ऐकू येत होतं, जाफरभाईला ऐकू येत होतं. तो लांबून ओरडला, "अण्णा, इंजन रोरा तुमारा. सुई दबाव थोडी." तुम्ही वर पाहिलं नाहीत. तुम्ही धुराकडे बघत अजून थोडी सैल केलीत आणि विमान सोडलंत.

मी तोंड का उघडलं नाही, हे मी स्वतःला खूप वेळा विचारलंय. मला वाटलं तुम्ही इतक्या वर्षांचे अनुभवी, काही विचार करूनच करत असाल. विमान पट्टीच्या टोकाला कसंबसं उचललं, बाभळीच्या उंचीपर्यंत गेलं, वळायला लागलं आणि वळणातच इंजिन बंद पडलं. ते नाकावर आलं. लांबून नुसता काडी मोडल्यासारखा आवाज आला.

तुम्ही चालत गेलात, धावला नाहीत. तुकडे वेचून पिशवीत भरलेत. परत आलात तेव्हा मी समोरच उभी होते. "हात गेला माजा, मॅडम," तुम्ही म्हणालात, अगदी सहज, जणू किल्ली हरवली. आणि मी त्या वेळीही सांगितलं नाही.

पुढचे दोन रविवार तुम्ही आला नाहीत. तिसऱ्या सोमवारी कॉलेज सुटल्यावर मी तुमच्या घरी गेले. तुम्ही ओसरीवर बसला होता, समोर मोडक्या पंखाचं कापड सोलून ठेवलेलं. ललिताक्कांनी पाणी दिलं. मी पेल्यात बघत बोलायला सुरुवात केली. सगळं सांगितलं, तेल बदललं, रंग घातला, तुम्हाला न विचारता, चूक झाली, विमान माझ्यामुळे पडलं. सांगून झालं तरी मान वर करायची हिंमत नव्हती. मला वाटलं, आता हा माणूस मला उठून जायला सांगणार.

ललिताक्का स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, "मॅडम, त्यांना असं कळत न्हाय वो. त्यांच्याकडं बगून बोला."

मी वर पाहिलं. तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत होता, ओठांकडे. तसे तुम्ही पहिल्या दिवसापासून बघायचात. माळावर मला नेहमी "उन्हाकडं तोंड करून उभं राहा" म्हणायचात, ते मला वाऱ्याचं काही गणित वाटायचं. शंभर मागांच्या खडखडाटात आयुष्य काढलेली माणसं एकमेकांशी ओठांनी बोलतात, हे सोलापुरात कुणाला सांगायला नको. पण कारखान्याबाहेरही तुम्ही तसंच जगत होता, हे मला इतक्या वर्षांत दिसलं नव्हतं.

मला सगळं पुन्हा सांगावं लागलं, तुमच्या डोळ्यांत बघून. पहिल्यापेक्षा दुसऱ्यांदा फार अवघड गेलं.

तुम्ही ऐकून घेतलंत, म्हणजे बघून घेतलंत. मग म्हणालात, "ठाऊक हाय."

"कधीपासून?"

"त्याच दिवशी. तुकडं वेचताना हाताला तेल लागलं. हुंगलं. एरंडेल नव्हतं ते."

"मग बोलला का नाहीत?"

तुम्ही ते सोललेलं कापड मांडीवर सरळ केलंत. "बोललो असतो तर तुमी इचारलं असतं, तेल बदललं तर बिघडलं काय? मग सांगावं लागलं असतं, मला इंजिन ऐकू येत न्हाय म्हणून. धा वर्षं झाली. धुरावर चालवतोय मी. धूर दिसला की सुई कुटं हाय ते कळतंय. आन् चुकून जास्ती आवळली, तरी एरंडेल इंजिनाला मरू देत न्हाय. दुसरं तेल तेवढी चूक पोटात घालत न्हाय."

हे माझ्या कुठल्याच तक्त्यात नव्हतं. एरंडेल तापल्यावरही धरून राहतं, कमी इंधनावर चाललेल्या इंजिनाला वाचवतं, ही माहिती होती. ती मी 'अननुभवी लोकांसाठी उपयुक्त' अशा रकान्यात लिहिली होती. तुम्ही तो कागद खिशात ठेवला होता.

"लोकांना कळलं असतं तर रिमोट हातातनं काढून घेतला असता," तुम्ही म्हणालात. "काळजीनंच घेतला असता. पर घेतला असता की." ललिताक्का दारातच उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की घरात हा विषय निघून निघून संपलेला आहे.

त्यानंतरची पाच वर्षं मला सगळ्यात जास्त आठवतात. तुम्ही नवीन विमान बांधलंत, यावेळी निळं. मी तुमच्यासमोर उन्हाकडे तोंड करून उभी राहायची आणि इंजिन ऐकायची. मी मूठ आवळली की तुम्ही सुई आवळायची, मूठ उघडली की सैल करायची. विमान वर गेलं की तुमची नजर आभाळात, म्हणून मी तुमच्या कोपराला हात लावून उभी राहायची. आवाज बदलला की दाबायची आणि तुम्ही लगेच उतरवायला घ्यायचात. जाफरभाईला आपण सांगितलं. त्याने रिमोट काढून घेतला नाही. "मेरे वालिद का भी ऐसाच था," एवढंच म्हणाला आणि त्या दिवसापासून तोही तुमच्यासमोर येऊन बोलायला लागला.

तेलाचा तह झाला. अर्धं एरंडेल, अर्धं सिंथेटिक. अशी मिश्रणं जगभर वापरतात, हे मी तुम्हाला सांगितलं, तर तुम्ही म्हणालात, "जगाला अक्कल यायला येळ लागतोय." धूर पुरेसा दिसायचा, इंजिन आतून बऱ्यापैकी स्वच्छ राहायचं. तरी भांडण संपलं नाही. तुम्ही दर महिन्याला एरंडेलाचं माप थोडं वाढवा म्हणायचात, मी कमी करायची. पण ते आता आवडीचं भांडण होतं. मी अभ्यास करून यायची, तुम्ही न ऐकल्यासारखं करायचात, आणि त्यातलं किती खरंच ऐकू आलं नाही आणि किती सोयीने, ते मला कधीच कळलं नाही.

दवाखान्यात मी आले तेव्हा तुमची चिडचिड चालली होती. सिस्टर सांगत होत्या, पेशंट काही ऐकत नाही. ऐकणार कसा? सगळ्यांच्या तोंडावर मास्क. चार दिवस तुम्ही मुक्या माणसांच्या गावात राहिला होता. मी माझा मास्क खाली केला. सिस्टर रागावल्या. मी त्यांना बाजूला नेऊन समजावलं, आणि त्यांनी एक पाटी-पेन्सिल आणून ठेवली. त्या भल्या बाईने नंतर प्रत्येक औषध तुम्हाला लिहून दाखवलं, असं ललिताक्का सांगत होत्या.

तुम्ही मला खूण करून जवळ बोलावलंत. आवाज बारीक झाला होता. "कान मागानं नेलं. डोळं तुमी ठिवलं." मला आधी कळलंच नाही. मग तुम्ही ओठांनी नळी ओढल्यासारखं केलंत. मी त्या दिवशी प्रयोगशाळेत ओरडले होते, ते तुम्ही इतकी वर्षं धरून ठेवलं होतं. मी काय उत्तर दिलं आठवत नाही. काहीतरी, बरे व्हा, असलंच. त्या वेळी जे बोलायला हवं होतं ते सुचलं असतं तर हे लिहिण्याची गरज पडली नसती.

मग तुम्ही म्हणालात, "आता सिंथेटिकच वापरा. सगळं. एरंडेल माज्यासाटी होतं. तुमचं कान चांगलं हायत."

मी म्हटलं, "बघू."

"बगू न्हाय."

तेवढ्यात भेटीची वेळ संपली. तो आपला शेवटचा वाद, आणि त्यात तुम्ही माझी बाजू घेतली होती आणि मी तुमची.

आता तो वास. अण्णा, मी तुमच्याशी भांडताना दर वेळी म्हणायची, एरंडेलाचा जळका वास कपड्यांना बसतो, घरी गेल्यावर आई नाक मुरडते. ते खरं होतं. पण रविवारचा तो ड्रेस मी मुद्दाम बुधवार-गुरुवारपर्यंत धुवायला टाकत नसे, हे मी कधी सांगितलं नाही. कढईच्या तळाशी राहिलेलं तेल, त्यात थोडी काकवी करपलेली, असा काहीसा तो वास. आठवडाभर तास घेताना, पेपर तपासताना मी त्याची वाट बघायची. शास्त्र माझ्या बाजूला होतं आणि मन सगळं तुमच्या. हे कबूल केलं असतं तर तुम्ही कसे मिशीत हसला असतात, ते मला दिसतंय. वाद हरायला नको म्हणून माझं ते हसू बघायचं राहून गेलं.

या रविवारी मी माळावर गेले. जाणार नव्हते, पण जाफरभाईने गाडी दारात आणून उभी केली. इंधन मी आदल्या दिवशी मिसळलं होतं. तुम्ही सांगितल्याप्रमाणे पूर्ण सिंथेटिक, एरंडेलाचा थेंब नाही. मनाला बजावलं की तुम्ही स्वतः सांगितलेलं ऐकायला हवं.

इंजिन एका झटक्यात पेटलं. मी मान वाकडी करून ऐकलं, सुई आवळली, पाव फेरा मागे घेतली. स्वच्छ, खणखणीत आवाज. विमान उडालं, तीन मोठ्या फेऱ्या झाल्या, कुठे अडखळलं नाही. आभाळात मागे काहीच उरत नव्हतं. उतरवलंही नीट. जाफरभाई म्हणाला, "एक नंबर, मॅडम." होतंच तसं. तुमचं म्हणणं बरोबर होतं, म्हणजे माझं.

मग मी फडकं आणि साबणाचं पाणी घेऊन बाभळीखाली बसले. एरंडेल होतं तेव्हा उतरलेल्या विमानावर नाकापासून शेपटीपर्यंत चिकट थर असायचा. तो काढायला अर्धा तास, कधी पाऊण तास लागायचा. एक पंख तुमच्या मांडीवर, एक माझ्या, तोंडं एकमेकांकडे. तुमची आई तेलुगूत कोणत्या ओव्यांवर चरखा फिरवायची ते तुम्ही तिथे सांगितलंत. माझं लग्न का मोडलं ते मी तिथेच सांगितलं, आणि तुम्ही पुसता पुसता थांबून, "बरं झालं," एवढंच म्हणालात. माझ्या वडिलांच्या आजारपणातले सगळे रविवार त्या बाभळीखाली गेले. आपण उडवायला भेटतो असंच मी समजत होते. उडवणं तर आठ-दहा मिनिटांत संपायचं.

रविवारी मी फडकं पंखावरून एकदा फिरवलं. पंख साफ झाला. दुसऱ्यांदा शेपटीवरून फिरवलं, तीही साफ झाली.

"हो गया? चलो फिर," जाफरभाई म्हणाला.

मी म्हटलं, "तुम्ही व्हा पुढे, मी येते."

तो गाडीत जाऊन बसला. त्याने हॉर्न वाजवला नाही. ऊन चढेपर्यंत मी तो कोरडा पंख पुसत राहिले.